उंदरांच्या खोलीत बेचाळीस दिवस उजेड

छत्तीस उंदरांच्या खोलीतला दिवा मी सलग बेचाळीस दिवस विझू दिला नाही. मुद्दाम नाही. मुद्दाम केलं असतं तर त्यावर एखादा पेपर तरी निघाला असता.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपता संपताची, बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातली. आजूबाजूला सगळे लेथवाले, गिअर कापणारे, पत्रे वाकवणारे. त्यांच्या मधोमध आमची छोटीशी प्रयोगशाळा. औषध कंपन्या आम्हाला औषध द्यायच्या, आम्ही ते उंदरांना द्यायचो आणि उंदरांचं काय झालं ते कंपन्यांना कळवायचो. मी मूळचा अकोल्याकडचा ढोरांचा डॉक्टर. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस दोनशे ग्रॅमच्या उंदरावर कसा आला, तर बायकोची बँकेतून बंगळूरला बदली झाली आणि शहरात म्हशी कमी होत्या. आम्ही राहायचो के. आर. पुरमला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलाव्या लागत. त्यामुळे मी ऑफिसातून पाच वाजता निघायचो. पाच म्हणजे पाच. हे लक्षात ठेवा.

मुंबईच्या एका कंपनीचं काम आलं होतं. त्यांचं एक जडीबुटीचं सिरप होतं आणि ते पीसीओडीवर चालतं असा त्यांचा दावा होता. आता या आजाराचं नाव घरोघरी माहीत आहे, तेव्हा नव्हतं. बाईच्या अंडाशयात दर महिन्याला एक अंडं पिकून बाहेर पडायला हवं. या आजारात ते पडत नाही, अर्धवट वाढलेल्या पाण्याच्या पिशव्या तिथेच साठत राहतात. अंगात पुरुषी हार्मोन वाढतं, पाळी चुकते, वजन चढतं आणि रक्तातली साखर खाली यायला कुरकुर करते. म्हणजे बिघाड एका जागी नसतो. अंडाशय, साखर, चरबी सगळे एकमेकांचे कान भरत असतात.

हाच बिघाड मादी उंदरात घडवता येतो. पुरुषी हार्मोन तिळाच्या तेलात मिसळून रोज इंजेक्शन द्यायचं. आमचे तीन गट होते, प्रत्येकात बारा. ए गटाला हार्मोनचं तेल. सी गटाला हार्मोनचं तेल आणि वर सिरप. आणि बी गटाला नुसतं तेल. या बी गटाला कंट्रोल म्हणतात. ते धडधाकट राहायचे, कारण बाकीचे किती बिघडले हे त्यांच्याशी तुलना करून ठरतं. वर्गात एक हुशार मुलगा असतो ना, ज्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना बदडतात, तसं.

उंदरांच्या खोलीत बारा तास उजेड, बारा तास अंधार ठेवावा लागतो. उंदीर निशाचर, त्याचं सगळं हार्मोनचं घड्याळ त्यावर चालतं. सकाळी सहाला दिवा लागायचा, संध्याकाळी सहाला विझायचा. हे काम एक परदेशी टायमर करायचा. गोल तबकडी, चोवीस तासांत एक फेरी, कडेला बारीक खुंट्या. झाकण काचेचं. आमच्या प्रयोगशाळेतली ती एकमेव परदेशी वस्तू.

स्टडी सुरू होऊन आठवडा झाला आणि आयुधपूजा आली.

आपल्याकडे खंडेनवमीला कोयता, विळी, फार तर सायकल पुजतात. पीण्यात त्या दिवशी अख्खं औद्योगिक क्षेत्र हळदकुंकवाने माखलेलं असतं. लेथला केळीचे खांब, ट्रकच्या चाकाखाली लिंबं, प्रत्येक दारात फोडलेला कोहळा. मी आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये यावर भरपूर विनोद केले होते. मायक्रोस्कोपला कुंकू लावून पेशी मोठ्या दिसतात का, वगैरे. नेमके आमचे डायरेक्टर डॉ. राघवन मागे कॉफी पीत उभे होते.

"काळे, उद्या अॅनिमल रूमची पूजा तू कर," ते म्हणाले. "बाहेरून आलेल्या माणसाने इथल्या पद्धतीचा मान ठेवलेला स्टाफला बरा वाटतो."

मग काय, साहेब बघतायत म्हटल्यावर माझ्यात जो भक्तिभाव संचारला तो विचारू नका. वजनकाट्याला गंध, पिंजऱ्यांच्या रॅकला झेंडूचे हार. टायमरपाशी आलो. मी झाकण उघडलं.

मागे मुनियप्पा ताट धरून उभा होता. मुनियप्पा आमचा अॅनिमल अटेंडंट, देवनहळ्ळीकडच्या शेतकरी घरातला, पंचेचाळिशीचा. बारा वर्षं टेम्पररी होता आणि जानेवारीत पर्मनंट होणार होता.

"सार, बाहेरूनच लावा. काचेवर," तो म्हणाला.

"अरे, काचेची पूजा करायची की मशीनची?" मी म्हणालो आणि तबकडीला ओलं कुंकू लावून वर अक्षता टाकल्या. भरपूर टाकल्या. डॉ. राघवन समाधानाने मान हलवत होते.

त्यानंतरचे बेचाळीस दिवस मी अत्यंत शिस्तीत काम केलं.

खरंच सांगतो. रोज सकाळी वजनं. मग स्मिअर. मादी उंदराचं चक्र चार दिवसांचं असतं; योनीतून ड्रॉपरने एक थेंब घेऊन काचेवर पसरला की पेशींच्या आकारावरून आज चक्राचा कितवा टप्पा ते कळतं. ए आणि सी गटाच्या स्लाइड मी रोज वाचायचो. बी गटाच्या रंगवून डब्यात ठेवायचो. धडधाकट उंदरात बघायचं काय? शेवटी एकदम बघू. साडेदहाला कॉफी. कॉफी पिऊन आलो की टायमरच्या तबकडीवर नजर टाकायची, वेळ बरोबर दिसली की रजिस्टरमध्ये टिक करायची. रोज तबकडी दहा-चाळीस दाखवायची आणि माझं घड्याळही दहा-चाळीस. टिक. बेचाळीस टिका, एकही चुकली नाही.

रजिस्टरवर इंजेक्शन देणाऱ्याच्या रकान्यात माझी सही असायची. सिरिंज मात्र मुनियप्पाच्या हातात. मी उंदीर धरला की तो मला चावायचा. मुनियप्पाने धरला की त्याच्या तळव्यात झोपायला बघायचा. तेव्हा सहीचं काम मी घेतलं आणि चावून घेण्याचं त्याला दिलं, तर त्याला कुणी चावेना.

तिसऱ्या आठवड्यात तो मला म्हणाला, "सार, बी गटाचं काही तरी स्वल्प बिघडलंय. रात्रीचं खाणं सकाळी तसंच असतं. दुपारी खातात, मधेच झोपतात. वेळ राहिली नाही त्यांना."

"थंडी पडलीय मुनियप्पा."

"उंदरांना थंडी?"

"तुला काय कळतं?"

"सरी सार," म्हणजे बरं साहेब, असं म्हणून तो पिंजरे धुवायला गेला.

महिन्याच्या मीटिंगमध्ये तर माझा सत्कारच झाला. डॉ. राघवन सगळ्यांसमोर म्हणाले, "वॉचमन मला सांगत होता, अॅनिमल रूमच्या एक्झॉस्ट फॅनच्या फटीतून रोज रात्री उजेड दिसतो. काळे रात्र रात्र बसतो. के. आर. पुरमला राहणारा माणूस! जरा शिका त्याच्याकडून."

मी त्या वेळी रात्री घरी पिठलं-भाकरी खाऊन नऊला झोपत होतो. आता सरळ मनाच्या माणसाला प्रश्न पडला असता, की मी नसताना तो उजेड कशाचा? मला पडला नाही. मी मान खाली घालून, लाजल्यासारखं करून म्हणालो, "काही नाही सर, कामाची आवड." वाटलं, वॉचमनची काही तरी गल्लत झालेली दिसते, पण गल्लत माझ्या बाजूने आहे तर दुरुस्त कशाला करा?

स्टडी संपली. उंदरांना ग्लुकोज पाजून शेपटीतून रक्त घेतलं, साखर किती वेगाने उतरते ते पाहिलं. मग त्यांना बेशुद्ध करून मारलं, अंडाशयं काढली, बारीक काप करून रंगवले. रक्ताचे नमुने हार्मोन मोजायला शहरातल्या एका मोठ्या लॅबकडे गेले; ते उत्तर यायला दहा दिवस.

आधी वजनाचे आणि साखरेचे आलेख तयार झाले. डॉ. राघवननी सी आणि बी शेजारी ठेवले. दोन्ही रेषा एकमेकींवर बसत होत्या.

"काळे! सिरप घेतलेले उंदीर अगदी नॉर्मलसारखे झालेत. औषध चालतंय!"

मैसूरपाक आला. मी दोन वड्या खाल्ल्या. तिसरी तोंडात असताना ते म्हणाले, "आता ए गट दाखव." मी दाखवला. तीही रेषा तिथेच. आजारी, औषध घेतलेले आणि धडधाकट, तिघेही सारखे.

मी धावत जाऊन बी गटाच्या स्लाइडचा डबा उघडला. चक्र चालू असेल तर दर चार दिवसांनी चित्र बदलतं. बी गटात पहिला आठवडा ते नीट बदललेलं, पुढचे दोन जेमतेम, आणि मग रोज एकच: कॉर्नफ्लेक्ससारख्या वाळक्या पेशी. चक्र अडकलेलं. अंडाशयाचे काप पाहिले. पाण्याच्या पिशव्या. आमच्या हुशार मुलाला पीसीओडी झाला होता.

हे मुंबईला कळवणं भाग होतं. कंपनीच्या सल्लागार डॉ. कामत म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ बाई होत्या. फोनवर त्या मराठीतच बोलायच्या, म्हणजे मला सुटका नसायची.

"अहो डॉक्टर, माझ्याकडे सतरा-अठरा वर्षांच्या मुली येतात," त्या म्हणाल्या. "हनुवटीवर केस, चार-चार महिने पाळी नाही. आया म्हणतात, लग्न केलं की होईल नीट. मी या सिरपची चिठ्ठी लिहून द्यायची की नाही, हे तुमच्या उंदरांवर ठरायचंय. आणि तुमचे हार्मोन न टोचलेले उंदीर आजारी कसे पडले, हे तुम्हाला सांगता येत नाही?"

डॉ. राघवननी दार लावून मला समोर बसवलं.

"हार्मोनची बाटली आणि नुसत्या तेलाची बाटली, दोन्ही दिसायला सारख्या?"

"हो सर."

"म्हणजे अदलाबदल झाली. इंजेक्शन कोण देत होतं?"

रजिस्टर समोर उघडं होतं. प्रत्येक पानावर माझी सही. मी त्या सहीकडे पाहिलं आणि म्हणालो, "मुनियप्पा."

त्या एका शब्दाला मला अजिबात वेळ लागला नाही. नंतर वर्षानुवर्षं त्यानेच वेळ खाल्ला.

मुनियप्पाला बोलावलं. तो म्हणाला, "मी बाटल्या बदलल्या नाहीत सार. हार्मोनच्या बाटलीला मी दोरा बांधला होता." दोरा कुणी मानायला तयार नव्हतं. प्रोटोकॉलमध्ये दोऱ्याचा उल्लेख नव्हता. पर्मनंट तर राहिलंच, महिनाअखेर कामावरून कमी करायचं असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर येऊन पिंजरे धुवायला लागला.

दहा दिवसांनी हार्मोनचे आकडे आले. ए गट, पुरुषी हार्मोन चढलेलं. सी गट, चढलेलं. बी गट, अगदी खाली, जिथे हवं तिथे.

मी आकडे तीनदा वाचले. बाटल्यांची अदलाबदल झाली असती तर बी गटात हार्मोन चढायला हवं होतं. म्हणजे बी गटाला हार्मोन मिळालंच नव्हतं. मुनियप्पाचा दोरा प्रोटोकॉलपेक्षा पक्का निघाला. मग त्यांच्या अंडाशयात पिशव्या आल्या कुठून?

त्या दिवशी मी पाचची बस सोडली. नोकरीतली पहिली. लायब्ररीत जाऊन उंदरांच्या प्रजननावरचं एक जाडजूड पुस्तक काढलं; त्यावरची धूळ बघता मी ते वाचलेलं असावं अशी सगळ्यांची समजूत का होती, देव जाणे. त्यात उंदराच्या अंडाशयात अशा पिशव्या आणायचे मार्ग दिले होते. पहिला, आम्ही वापरला तो. पुढे एक-दोन आणखी हार्मोनचे. आणि मग एक साधी ओळ: उंदराला काही आठवडे अखंड उजेडात ठेवलं तरी हेच होतं. काही टोचावं लागत नाही. अंधार पडला नाही की मेंदूला अंडं सोडायचा निरोप देता येत नाही, चक्र अडकतं.

अखंड उजेड.

मला वॉचमन आठवला. कामाची आवड आठवली.

अॅनिमल रूमकडे गेलो तेव्हा साडेसहा वाजले होते. नव्या स्टडीसाठी आलेले उंदीर लखलखीत प्रकाशात डोळे मिचकावत बसलेले. टायमरची तबकडी दहा-चाळीस दाखवत होती. झाकण काढलं. तबकडीच्या चाकाच्या दोन दात्यांमधे, वाळून दगड झालेल्या कुंकवात, एक तांदळाचा दाणा घट्ट बसला होता. आयुधपूजेच्या सकाळी दहा-चाळीसला मी अक्षता टाकल्या, तबकडी तिथेच थांबली, आणि दिवा त्या वेळी चालू असल्याने चालूच राहिला. दिवसा खोलीत येणाऱ्या कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं. थांबलेलं घड्याळही दिवसातून एका वेळी बरोबर असतं, आणि मी कॉफी पिऊन नेमका त्याच वेळी यायचो.

चिमट्याने दाणा काढून पेट्रीडिशमध्ये ठेवला. सवयीने झाकणावर तारीखही लिहिली.

डॉ. राघवन अजून केबिनमध्ये होते. त्यांच्या टेबलावर मुनियप्पाचं पत्र टाइप होऊन सहीसाठी ठेवलेलं. दारापाशी पोचेपर्यंत माझ्याकडे एक सुंदर वाक्य तयार होतं: सर, व्होल्टेजमुळे टायमर जळला. पीण्यात व्होल्टेजवर काहीही ढकलता येतं. व्होल्टेज दिवसातून चारदा वरखाली व्हायचं, कुणी शंका घेतली नसती. मुनियप्पाही वाचला असता आणि मीही. पण मग राघवन म्हणाले असते, दाखव जळलेला टायमर. आणि टायमर तर दाणा काढल्याबरोबर टकटक करत चालायला लागला होता. मला सत्य सांगावं लागलं त्यात त्या परदेशी यंत्राचा वाटा मोठा आहे.

"सर, मुनियप्पाची चूक नाही. टायमर आयुधपूजेपासून बंद होता."

"कशाने?"

मी पेट्रीडिश पुढे ठेवली.

"हे काय?"

"अक्षत, सर."

त्यांनी चष्मा लावला. दाण्याकडे बराच वेळ पाहिलं. ते रोज गंध लावणारे गृहस्थ, त्यांना नमस्कार करावा की संताप, ठरेना.

"मी तुला पूजा करायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "लग्न लावायला नाही."

"चुकलं सर."

"आणि रात्री उजेड दिसायचा, तेव्हा तू आत काम करत होतास ना? तेव्हा तुझ्या लक्षात आलं नाही?"

"मी पाच वाजता निघायचो सर. रोज."

त्यांनी चष्मा काढला. पत्राचे दोन तुकडे केले, मग चार, मग आठ. मला वाटतं शेवटचे आठ माझ्यासाठी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुनियप्पाला गाठून सगळं सांगितलं. माफी मागितली. तो पिंजऱ्याची जाळी घासत होता, ती घासणं त्याने थांबवलं नाही.

"म्हणजे थंडी नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"सरी सार. सरका जरा, पाणी उडेल."

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. जानेवारीत मुनियप्पा पर्मनंट झाला, माझं प्रमोशन त्याच महिन्यात वर्षभर पुढे गेलं. स्टडी पहिल्यापासून पुन्हा केली. या वेळी संध्याकाळी दिवा विझला की नाही ते बघायची जबाबदारी मुनियप्पाकडे आणि बी गटाच्या स्लाइड मी रोज, सगळ्यात आधी वाचायच्या. त्यांचं चक्र चार दिवसांनी टुणटुणीत फिरत राहिलं. सिरपने सी गटाला काहीही केलं नाही, ना चांगलं ना वाईट. तसं आम्ही लिहून दिलं, आणि डॉ. कामतनी ती चिठ्ठी कधी लिहिली नाही. माझ्या धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच: बिघडलेल्याकडे सगळेच बघतात, नीट चाललेल्याकडे बघायचा पगार असतो.

पण त्याआधी पहिल्या स्टडीची फाईल रीतसर बंद करायची होती. डॉ. कामत त्यासाठी मुद्दाम बंगळूरला आल्या. पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेट. साठीच्या, ठेंगण्या, कडक इस्त्रीची साडी. घडलेल्या प्रकाराचा मी चार पानी अहवाल केला होता. त्यात 'प्रकाशचक्रातील अनपेक्षित व्यत्यय' असे शब्द होते आणि 'मी' हा शब्द कुठेच नव्हता. बाईंनी चारही पानं वाचली. मग फॉर्म पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.

"इथे लिहायचंय, स्टडीतून किती प्राणी बाद केले."

"छत्तीसच्या छत्तीस, मॅडम," मी म्हणालो.

"उंदीर का बाद? उजेडात ठेवलं तर उंदराला जे व्हायला हवं, तेच झालं त्यांना. ते बिचारे पुस्तकाप्रमाणे वागले." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाद करायचा प्राणी एकच आहे, आणि त्याला पिंजरा नंबर नाही."